वाईचा विश्वकोश आणि अद्ययावतपणाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातील वाई येथे कोशकार्याची परंपरा मराठी विश्वकोशाच्याही आधीची आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या प्राज्ञपाठशाळेच्या आश्रयाने धर्मकोशाचे संपादन सुरू झाले. आणि त्याचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद आल्यावर, मंडळाने हाती घेतलेल्या विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्याऐवजी याच गावी थाटले गेले. पारिभाषिक शब्द आधी निश्चित व्हावेत म्हणून 1973 मध्ये परिभाषासंग्रह निघाला, 1976 मध्ये पहिला खंड प्रकाशित झाला आणि 1980 मध्ये या कामासाठी स्वतंत्र विश्वकोश निर्मिती मंडळ अस्तित्वात आले.

अकारविल्ह्याने, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने, रचलेल्या आणि खंडशः छापल्या जाणाऱ्या कोशात कालविसंगती अटळ असते. आरंभीच्या खंडांतील गावांची लोकसंख्या 1971 च्या जनगणनेची आहे, तर ज्या जिल्ह्यात हे सारे घडत होते त्या साताऱ्याची आणि शेजारच्या सांगलीची पाळी, दोन्ही नावे ‘स’ने सुरू होत असल्याने, एकविसाव्या शतकात आली. ‘इ’ हे अक्षर सत्तरच्या दशकातच उरकले गेल्यामुळे इंटरनेटला त्याच्या हक्काच्या जागी नोंद मिळण्याची शक्यताच नव्हती. संपादकांच्या दक्षतेला येथे दोष देता येत नाही. अडचण छपाईच्या स्वरूपातच होती, आणि ज्ञानकोशकार केतकरांनी आपले तेवीस खंड 1920 ते 1927 या अवघ्या सात वर्षांत प्रसिद्ध केल्यामुळे ती त्यांना इतकी जाचली नव्हती.

विश्वकोश निर्मिती मंडळाच्या अध्यक्षा विजया वाड यांच्या कारकिर्दीत 2011 मध्ये विश्वकोश संकेतस्थळावर आला आणि तो सर्वांना विनामूल्य वाचता येऊ लागला. ग्रंथालयाच्या कपाटातील जाडजूड खंड शाळकरी मुलांच्या हाती यावेत, हे या खुलेपणाचे खरे मोल. तथापि खंडांतील मजकूर जसाच्या तसा पडद्यावर आल्याने जुनेपणही त्याच्याबरोबर आले, आणि ते आता अधिक खुपू लागले, कारण छापील पुस्तकाचे प्रकाशनवर्ष वाचकाच्या डोळ्यांसमोर असते, शोधयंत्रातून थेट नोंदीवर उतरणाऱ्याच्या मात्र ते ध्यानीही येत नाही.

यावरचा उपाय म्हणून दिलीप करंबेळकर यांच्या अध्यक्षतेखाली ‘ज्ञानमंडळ’ ही रचना आकाराला आली. ज्ञानमंडळ म्हणजे एका विषयाच्या नोंदी नव्याने लिहिण्याची, जुन्या नोंदी सुधारण्याची आणि लेखक-समीक्षक शोधण्याची जबाबदारी घेतलेला तज्ज्ञांचा गट, जो बहुधा एखाद्या विद्यापीठाशी वा संस्थेशी जोडलेला असतो. वाईतील कार्यालयाला एकट्याने न पेलणारे काम त्यामुळे राज्यभर वाटले गेले. मात्र हा खुलेपणा मर्यादित आहे. 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही वाचक नोंद बदलू शकतो, आणि ज्या प्रणालीवर तो चालतो तिची आज्ञावलीही मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही पाहता, वापरता व सुधारता येईल अशी, असते. विश्वकोशात वाचनाचे दार सताड उघडे, लेखनाचे मात्र समीक्षकाच्या हाती. विकिपीडियाच्या गतीपुढे ही पद्धत संथ वाटते, परंतु लेखकाचे नाव आणि उत्तरदायित्व जपणाऱ्या प्राज्ञपाठशाळेच्या संस्कारांशी ती सुसंगत आहे.

मुक्तस्रोताचा दुसरा, अधिक मोकळा संप्रदाय याच कृष्णाखोऱ्यात, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात, वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप या विद्यार्थिमंडळाच्या रूपाने नांदतो. तेथील पेच निराळा आहे: ज्ञान शिळे होण्याआधी माणसेच पदवी घेऊन बाहेर पडतात, म्हणून मंडळाची कामे वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला शिकवून सोपवावी लागतात. वाईत त्याच्या उलट, लेखक जुने झाले तरी त्यांचा मजकूर राहतो. म्हणूनच छापील खंडांतील नोंदी आणि ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी वेगवेगळ्या संकेतस्थळांवर नांदतात, आणि नव्या नोंदींच्या अखेरीस समीक्षकाचे नाव दिलेले असते.