एक्कावन्न नंबरचं झाड

दिवाळीत भाच्याने इक्वेडोरचं चॉकलेट आणलं. आईने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "जरा आंबूस लागतंय रे." भाचा हिरमुसला. मी मात्र त्या आंबूसपणाच्या मागे लागले आणि थेट १९३८ सालात जाऊन पोचले!

कोकोच्या झाडाला एक बुरशी लागते. कोवळा शेंडा सुजतो, त्यातून फुटव्यांचा झुबका निघतो आणि वाळला की अगदी खराट्यासारखा दिसतो. म्हणून इंग्रजीत या रोगाचं नाव 'चेटकिणींचा झाडू'. फळंही हातची जातात. १९२८ मध्ये हा रोग त्रिनिदादला पोचला.

तिथल्या एफ. जे. पाउंड यांचा हिशेब सरळ होता. रोग जिथला मूळचा, तिथेच त्याला पुरून उरलेली झाडं सापडतील. १९३७-३८ मध्ये ते ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, पेरूतल्या इकितोसच्या बाजूला हिंडले. आजूबाजूच्या झाडांवर खराटे लटकत असताना जी झाडं स्वच्छ दिसली, त्यांचा वाण त्यांनी गोळा केला.

त्यातलं 'स्काविना ६' त्रिनिदादला रोगाला दाद देईना. बी मात्र बारीक, म्हणून त्याचे संकर झाले. पण एकाच झाडाच्या ताकदीवर किती विसंबायचं? इक्वेडोरमध्ये स्काविना रोगाला बळी पडलं. ब्राझीलच्या बाहियात १९८९ मध्ये रोग शिरला आणि दहा-बारा वर्षांत तिथलं उत्पादन निम्म्याहून खाली आलं. तिथे स्काविनापासूनच काढलेली 'थियोबाहिया' जात १९९५ मध्ये शेतकऱ्यांना दिली, तीही पुढे टिकली नाही. कर्ज काढून लावणाऱ्यांचं काय झालं असेल, विचार करवत नाही.

गंमत म्हणजे पाउंड यांच्या इकितोसच्या झाडांची दुसरी एक वाट निघाली. इक्वेडोरच्या नारांहालमध्ये ओमेरो कास्त्रो संकरांवर संकर करत होते. १९६५ मध्ये एक्कावन्न नंबरचं झाड जमलं, तेच 'सीसीएन-५१'. झाडूला बऱ्यापैकी पुरून उरणारं, भरपूर पीक देणारं. २०१४ मधल्या जनुकीय अभ्यासात त्याच्यातला जवळपास निम्मा वाटा इकितोसचा निघाला.

आणि चव? आंबट, तुरट! इक्वेडोरच्या जुन्या 'नासिओनाल' कोकोला फुलांसारखा वास असतो, म्हणून चॉकलेटवाले दर्दी या एक्कावन्नला नाकं मुरडतात. मला ते जरा अन्यायाचंच वाटतं. बाग वाळताना बघितलेला शेतकरी आधी वास बघणार की फळं मोजणार?

भाच्याच्या वेष्टनावर जात छापलेली नव्हती. आईने मात्र संध्याकाळी दुसरा तुकडा मागून घेतला.