सिलोनांतील मळेमजूर आणि जन्माचा हक्क

पोटासाठीं परमुलखांत गेलेल्या माणसास तेथील लोकांनीं परका म्हटलें, तर त्यांत नवल नाहीं. परंतु जें मूल त्या मुलखांतच जन्मलें, ज्यानें दुसरा देश कधीं पाहिलाहि नाहीं, त्यास परकें कोणत्या न्यायानें म्हणावयाचें? हा प्रश्न आज अनेक राष्ट्रांपुढें आहे. त्याचा विचार करितांना आपल्या शेजारीं सिलोनांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, काय घडलें याचें स्मरण वाचकांस करून द्यावें, असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं सिलोनच्या डोंगराळ भागांत प्रथम कॉफीची व त्या पिकावर रोग पडल्यानंतर चहाची लागवड केली. कामासाठीं तामिळ मुलखांतून मजूर आणले, ते कंगाणी नांवाच्या मुकादमांच्या मार्फत. मजुरावर प्रवासाच्या उचलीचें कर्ज असे, आणि तें त्यास मळ्याशीं बांधून ठेवी. पुष्कळ कुटुंबें तेथेंच स्थायिक झालीं. मळ्यावरील ओळीच्या खोल्यांत त्यांचीं मुलें व नातवंडें जन्मलीं. १९४७ च्या निवडणुकींत या लोकांनीं मतेंहि दिलीं.

४ फेब्रुवारी १९४८ रोजीं सिलोन स्वतंत्र झालें, आणि त्याच वर्षीं नागरिकत्वाचा कायदा झाला. कायद्यापूर्वीं सिलोनांत जन्मलेल्यानें आपला बाप तेथें जन्मला, किंवा आजोबा व पणजोबा हे दोघेहि तेथें जन्मले, हें दाखवावयाचें होतें. पुढें जन्मणाऱ्या मुलाचा बाप नागरिक असला, तरच तें नागरिक. विवाहित आईच्या जन्माचा विचारच नव्हता. मळ्यावरील मजुराजवळ पणजोबाच्या जन्माचा दाखला कोठून असणार? १९४९ मध्यें दीर्घ वास्तव्य सिद्ध करणाऱ्यांसाठीं नोंदणीचा मार्ग काढला गेला. पण आठ लक्षांहून अधिक माणसांसाठीं अर्ज झाले असतां नागरिकत्व मिळालें तें सुमारें १ लक्ष ३४ हजारांस. बाकीच्यांचीं नांवें मतदारांच्या यादींत राहिलीं नाहींत.

केवळ वंशानें कोणी भारताचा नागरिक होत नाहीं, अशी भारत सरकारची भूमिका होती. ती अयोग्य नव्हती; परंतु दोन सरकारांच्या वादांत हीं माणसें कोणत्याच देशाचीं उरलीं नाहींत. शेवटीं ३० ऑक्टोबर १९६४ रोजीं लालबहादुर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांच्यांत करार झाला. ९ लक्ष ७५ हजार लोकांपैकीं ५ लक्ष २५ हजार भारतानें व ३ लक्ष सिलोननें घ्यावे असें ठरलें; उरलेले दीड लक्ष १९७४ च्या करारानें निम्मे निम्मे वांटले गेले. आणि मुलें? १९६४ च्या करारांत तीं त्या त्या आंकड्याची नैसर्गिक वाढ म्हणून आलीं आहेत. माणसांची इच्छा विचारण्यापूर्वींच त्यांची वांटणी ठरली होती.

२००३ मध्यें श्रीलंकेच्या संसदेनें, ३० ऑक्टोबर १९६४ पासून तेथें कायम राहणारे भारतीय वंशाचे लोक व त्यांची तेथें राहणारी संतति यांस नागरिकत्व दिलें.

हा इतिहास वाचून सिलोनला दोष देणें सोपें आहे. पण आपल्या १९५५ च्या कायद्यानें, थोडे अपवाद वगळतां, भारतांत जन्मणाऱ्या प्रत्येक मुलास नागरिक मानलें होतें. तो औदार्याचा नियम आपण टिकविला नाहीं. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकीं एकजण भारतीय असणें आवश्यक झालें. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशीहि अट पडली. १९८३ नंतर श्रीलंकेंतून तामिळनाडूंत आलेल्या निर्वासितांत या मळेमजुरांचेहि वंशज होते. छावणींत जन्मलेल्या त्यांच्या मुलांपुढें आजोबांचाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. या वेळीं तो विचारणारे आपण होतों.

कोणास आंत घ्यावें व कोणास घेऊं नये, हें ठरविण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जन्मलेलें मूल सीमा ओलांडून आलेलें नसतें. त्याचा हक्क बापाच्या कागदपत्रांवर ठेवला, म्हणजे परकेपणा वडिलोपार्जित होतो. आणि तो दूर व्हावयास सिलोनांत पंचावन्न वर्षें लागलीं.