ब्रूसेलोसिस व गर्भहानी

ब्रूसेला वंशातील जीवाणूंमुळे जनावरांना होणारा व त्यांच्यापासून माणसाला लागणारा रोग. डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गायींच्या सांसर्गिक गर्भपाताचा जीवाणू शोधला. बाधित गाय-म्हैस बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते आणि पुष्कळदा तिचा जार अडकतो. असा जार उघड्या हातांनी काढणे आणि न तापवलेले दूध पिणे हे माणसाला संसर्ग होण्याचे मुख्य मार्ग आहेत.

गर्भवतीला हा रोग झाल्यास तिचा गर्भ दगावतो का, याविषयी मात्र दीर्घकाळ शंका घेतली गेली. गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल हा पदार्थ भरपूर असतो व त्यावर हे जीवाणू जोमाने वाढतात, असे १९६० च्या दशकातील ब्रिटिश संशोधनात दिसले. मानवी वारेत तो आढळत नाही. म्हणून स्त्रीला वेगळा धोका नाही, असे अनुमान काढण्यात आले. ते टिकत नाही. उंदराच्या वारेतही एरिथ्रिटॉल फारसे नसते, तरीही प्रयोगांत संसर्गाने गाभण उंदरांचे गर्भपात होतात. म्हणजे एरिथ्रिटॉलमुळे हानी वाढत असेल, पण तिला ते अपरिहार्य नाही.

सौदी अरेबियातील ९२ बाधित गर्भवतींचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४३ टक्के स्त्रियांचा गर्भपात पहिल्या दोन तिमाहींत झाला. रुग्णालयात गंभीर रुग्णच अधिक येतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे हा आकडा सर्व बाधित स्त्रियांना लावता येत नाही. कोणत्याही तीव्र तापाने गर्भपात होऊ शकतो, हेही खरे. परंतु काही रुग्णांत गर्भाच्या व वारेच्या ऊतींतूनच ब्रूसेला मिळाला आहे, आणि याच अभ्यासात प्रतिजैविके मिळालेल्या स्त्रियांत गर्भहानी बरीच कमी होती. लवकर गर्भपात झालेल्यांना उपचाराची संधीच कमी मिळते, म्हणून औषधाचा लाभ काहीसा फुगलेला दिसत असेल. तरी एकूण पुरावा एकाच दिशेचा आहे.

नेमके प्रमाण ठरेपर्यंत उपचार थांबवण्याचे कारण नाही. डॉक्सिसायक्लिन व स्ट्रेप्टोमायसिन गर्भाला घातक ठरू शकत असल्याने रिफॅम्पिसिनवर भर दिला जातो. को-ट्रायमोक्साझोल गर्भारपणाच्या प्रारंभी व प्रसूतीच्या सुमारास टाळतात. भारतात २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस दिली जाते. जनावरे पाळणाऱ्या घरातील गर्भवतीला रेंगाळणारा ताप व सांधेदुखी असेल, तर गोठ्यात नुकते जनावर गाभडले होते का, हे विचारून रक्ततपासणी करणे योग्य ठरते.