मांजराची मिरास

करमाळ्यास आमच्या बहिणीच्या घरीं गेल्या हिवाळ्यांत एक लहानसा खटला उभा राहिला. फिर्यादी साडेचार वर्षांचा भाचा, आरोपी घरची मांजरी मनी, आणि वादाचा विषय जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून केलेला मुठीएवढा चेंडू. चेंडू केला होता मुलासाठीं. परंतु दोन महिने मनीच तो तोंडांत धरून माडीवर नेई व उतरंडीमागें ठेवी. एके दिवशीं मुलानें तो ओढून घेण्यास हात घातला. मनी कान मागें पाडून गुरगुरली. तरीही हात मागें येईना, तेव्हां तिनें पंजा मारला. मनगटावर तीन रेघा उमटल्या. जखम साबणानें धुऊन डॉक्टरांकडे दाखविली गेली आणि बहिणीच्या सासूबाईंनीं निकाल दिला, "चोर ती चोर, वर शिरजोर! पोत्यांत घाला अन् बाजारांत नेऊन सोडा."

मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर द्यावें लागतें, ही समजूत सर्वांस ठाऊक आहे. सोडून देण्यास मात्र कोणी प्रायश्चित्त सांगितलेलें नाहीं. म्हणूनच हा उपाय घरोघर योजिला जातो. शिक्षेची अंमलबजावणी येत्या बाजाराच्या दिवसावर गेली, आणि मधल्या अवधींत आरोपीच्या कुळाची कैफियत पाहण्यास मला सवड मिळाली.

करमाळ्याचा मुलूख रब्बीच्या ज्वारीचा. पूर्वीं या बाजूस धान्य पेवांत, कणगींत व भिंतींतल्या बळदांत सांठवीत. आणि जेथें सांठा तेथें उंदीर हें ठरलेलेंच. मनुष्याची व मांजराची ओळखही अशाच ठिकाणीं झाली. पश्चिम आशियांत शेती सुरू होऊन कोठारें भरूं लागलीं, त्यांच्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें तेथील रानमांजर आलें. त्यास कोणी दावें लावून आणलें नाहीं. तें आपण होऊन आलें. सायप्रस बेटांत शिलुरोकांबोस येथें सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका मानवी थडग्याशेजारीं आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा मुद्दाम पुरलेला सांपडला. ही वार्ता २००४ सालीं प्रसिद्ध झाली. मांजर त्या बेटावरचें मूळचें नव्हे; अर्थात् मनुष्यानेंच तें नावेंतून नेलें. सिंधु-संस्कृतींतील चन्हुदडो येथें १९३५-३६ सालीं झालेल्या उत्खननांत एक वीट निघाली. ती ओली असतां तिच्यावरून मांजर पळालें व त्याच्यामागें कुत्रें लागलें, असें तिच्यावरील पंजांच्या ठशांवरून अनुमान करण्यांत आलें आहे.

परंतु मांजर घरांत आलें तरी त्यानें आपली जुनी मिरास सोडली नाहीं. कुत्र्याचे पूर्वज टोळीनें शिकार करीत. त्यांस वांटणी व मानापमान ठाऊक होते. मांजराचा पूर्वज एकटा हिंडणारा. त्याची शिकार म्हणजे एखादा उंदीर नाहींतर चिमणी, एकाच्या पोटापुरती. ती गेली तर उपास. यास्तव धरलेली वस्तु न सोडणें हा त्याचा हट्ट नसून उपजीविका होय. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास असें दाखविलें कीं, दबा धरणें, झडप घालणें, मारणें व खाणें या मांजराच्या प्रेरणा एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत. म्हणून पोट भरलेलें मांजरही चेंडूमागें धावतें. इंग्रज संशोधक जॉन ब्रॅडशॉ व त्यांचे सहकारी यांस पुढें आढळलें कीं, भुकेलें मांजर खेळण्यावर अधिक जोरानें तुटून पडतें. "मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव" ही म्हण उंदराच्या बाजूनें खरी आहे. मांजराच्या लेखीं मात्र तो खेळही शिकारच. मनीच्या हिशेबीं तो चेंडू उंदीर होता, आणि आमचा भाचा तो हिसकावणारा परका.

ह्याच पकडीची महती एकदां आपल्याच मुलुखांत गाइली गेली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. पुढें देशावरचीं गांवें ओस पडून लोक माळावर झोपड्या घालून राहूं लागले. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें. मग १९०८ सालीं वऱ्हाड-नागपुराकडे सरकारी डॉक्टर असलेले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत लिहिलें कीं, जेथें मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी. सबब लोकांनीं मांजरें पाळावींत. हें मत जसेंच्या तसें टिकलें नाहीं. मांजरासही प्लेग होतो व त्याच्यापासून मनुष्यासही होऊं शकतो, हें आज ज्ञात आहे. तथापि संकटकाळीं ज्या गुणासाठीं मांजर पाळा म्हणून सांगितलें, त्याच गुणासाठीं स्वस्थतेच्या काळीं त्यास पोत्यांत घालणें न्यायाचें नव्हे, एवढें तरी कबूल करावें लागेल.

मग करावें काय? महाभारताच्या शांतिपर्वांत जाळ्यांत सांपडलेला लोमश मांजर व पलित उंदीर यांचा तह वर्णिला आहे. तो प्रेमावर नव्हे, उभयतांच्या गरजेवर उभा होता. आणि गरज सरतांच पलित शहाणपणानें दूर राहिला. आम्हीही तहच केला. कलमें चार. मनीच्या तोंडांतली वस्तु कोणी ओढावयाची नाहीं, आणि ती गुरगुरली कीं मुलानें मागें सरावयाचें; गुरगुरणें हा अपराध नसून इशारा आहे, त्यास शिक्षा केली तर पुढच्या वेळीं इशाऱ्यावांचून पंजा येतो. चेंडू हवाच असेल तर मोठ्या माणसानें जरा दूर दुधांत भिजविलेला भाकरीचा तुकडा ठेवावा व ती तिकडे वळल्यावर तो उचलावा. सायंकाळीं तिच्या जेवणापूर्वीं काठीस दोरी व दोरीस चिंधी बांधून मुलानें लांबून तिला खेळवावें, शेवटीं चिंधी तिच्या हातीं लागूं द्यावी व लगेच जेवण वाढावें. म्हणजे शिकार पुरी होते. खेळ संपल्यावर सर्व खेळणीं डब्यांत बंद. शिवाय मुलास त्याच लुगड्याचा दुसरा चेंडू करून दिला.

पहिले तीन-चार दिवस मनी उतरंडीमागें जाऊन चेंडू शोधी. आठवड्याच्या शेवटीं ती काठीची वाट पाहूं लागली. बाजाराचा दिवस आला तेव्हां सासूबाईंनीं पिशवी घेतली, भाजी आणली, आणि पोत्याचें नांव काढलें नाहीं. संध्याकाळीं भाचा विचारूं लागला, "आजी, मनीची भाकरी भिजवली का?" त्यांनीं न बोलतां वाटी पुढें केली.