यवनाचे कोरड्यास

गेल्या वर्षी भाऊबीज उलटल्यावर उमापूरच्या आमच्या घरात सूनबाईने ‘ग्रीक पद्धतीची’ कोंबडी केली. दही, लिंबू, लसूण, मीठ आणि ओव्याच्या वासाची आठवण देणारा ओरेगॅनो चोळून तुकडे चार तास मुरत ठेवले. मग ऑलिव्हचे तेल घालून ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर पाऊण तास भाजले. सोबत काकडी, कांदा, टोमॅटो. भाकरी मात्र नाही! माझी साखर वाढल्यापासून ज्वारी-बाजरीवर घरात पहारा आहे. “मामा, ग्रीक लोक असंच जेवतात,” तिने माझी समजूत घातली. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असे काही सांगू नये.

कोंबडी ग्रीसला गेली ती मुळी पूर्वेकडून. इ. स. पू. ४१४ मधील ‘पक्षी’ या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनिस कोंबड्याला ‘इराणी पक्षी’ म्हणतो. पाळीव कोंबडीचे मूळ कूळ आग्नेय आशियातले खरे. पण तिच्या कातडीचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मधील संशोधनात आढळले, आणि तो पक्षी आपल्या सह्याद्रीत अजून आरवतो.

ग्रीक माणूसही आम्हांस नवा नाही. गोदेच्या वरच्या अंगाचे पैठण आम्हांला जवळचे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात ते भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तेथून मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला जात, आणि त्या बंदरात इटलीचे मद्य उतरे. जुन्नरच्या लेण्यांत तर चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा लेखच कोरलेला आहे. ‘यवन’ हा शब्द ‘आयोनियन’वरून आलेला, असे म्हणवणारे सगळेच जन्माने ग्रीक होते का, यावर पंडितांत वाद आहे. तो चालू द्या. परक्या म्हणवणाऱ्या माणसाला इथे जेवायची जागा बांधून द्यावीशी वाटली, याचेच मला अप्रूप.

आता त्यांच्या ताटाकडे वळू. धान्याचे जे काही, ते ‘सितोस’ – गव्हाचा पाव किंवा जवाच्या पिठाचा गोळा. त्याला लावून खायचे मासे, मांस, भाजी म्हणजे ‘ऑप्सॉन’. आमच्याकडे त्याला कोरड्यास म्हणतात! झेनोफनने लिहिलेल्या सॉक्रेटिसाच्या आठवणींत एक तरुण पंगतीत नुसतेच कोरड्यास खाताना दिसतो. सॉक्रेटिस त्याच्यावरून चारचौघांत चर्चा काढतो, तेव्हा तो मुकाट्याने पाव उचलतो. कोरड्यास मात्र सोडत नाही. मग सॉक्रेटिस शेजाऱ्यांना सांगतो, की हा पावाला कोरड्यास लावतो की कोरड्यासाला पाव, यावर जरा नजर ठेवा.

डॉक्टरांचा सल्ला माझ्या प्रकृतीला योग्यच आहे. माझी तक्रार फक्त ‘ग्रीक’ या नावापुरती होती, आणि ती मी ताटावर बसून सविस्तर मांडली. सूनबाईने सगळे ऐकून घेतले. आत जाऊन बाजरीची एक भाकरी आणली, तिचा चतकोर मोडून माझ्या ताटात ठेवला आणि उरलेली सासूबाईंना वाढली.

“सॉक्रेटिसाला साखर नव्हती, मामा.”

कोंबडी चांगली झाली होती. चतकोर मी शेवटपर्यंत पुरवला.