दोन गाड्यांमधील अंतर



माळव्यात आगगाडी यावी म्हणून इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. देवासला रूळ लाभले. धारकरांना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली. इंदूर–दाहोद मार्गाची कोनशिला बसली ती २००८ साली. रूळ केव्हा आले, हा इतिहास आपण लिहितो. रुळांवरून जाणारी माणसे सुखरूप कशी पोहोचू लागली, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

त्याचे सूत्र एकच आहे : दोन गाड्यांमध्ये अंतर राखणे. आरंभी हे अंतर घड्याळाने राखीत. पुढची गाडी सुटून ठराविक मिनिटे लोटली की मागची सोडीत. पुढची वाटेत अडली असेल, तर ते घड्याळाला कसे कळावे? १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे मुलांच्या सहलीची गाडी चढावावर थांबली. तिचे सोडवलेले मागील डबे उलटे घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जीव गेले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या : मार्गाच्या एका खंडात एकच गाडी, सांधे आणि सिग्नल यांचा परस्परांशी पक्का मेळ, आणि डबे सुटताच आपोआप लागणारा ब्रेक.

तरीही अंतर मिटते. १५ एप्रिल २०२२ च्या रात्री मुंबईत माटुंग्याजवळ गदग एक्सप्रेस पुदुच्चेरी एक्सप्रेसच्या मागील भागाला भिडली आणि तीन डबे रुळांवरून उतरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्रातील कंटकापल्लीजवळ ते सुदैव लाभले नाही. विशाखापट्टणमहून पलासाकडे निघालेल्या पॅसेंजरवर मागून रायगडा पॅसेंजर आदळली. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ती जिरवायला डब्यांची चौकट पुरेनाशी झाली, की डबे चेंगरतात, एकमेकांवर चढतात, शेजारच्या रुळांवर कोसळतात. चौदा जण दगावले. त्यांत धडकणाऱ्या गाडीचा चालकही होता.

बिघडलेले सिग्नल नियमानुसार थांबून, मंद गतीने ओलांडले गेले नाहीत, असा प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष होता. तो खरा मानला, तरी सिग्नल बिघडलेले होते, आणि चालक चुकल्यास स्वतः ब्रेक लावणारी ‘कवच’ यंत्रणा त्या मार्गावर नव्हती, हेही तितकेच खरे.

अपघात क्षणात दिसतो. घडतो मात्र टप्प्याटप्प्याने. शेवटचा टप्पा ज्याच्या हातून चुकतो, त्याच्या माथी सारे मारणे सोपे असते, विशेषतः तो बोलायला उरला नसेल तेव्हा. आर्माने कायदा दिला, कारण त्या वेळी चूक कोणाची एवढेच विचारून लोक थांबले नाहीत. ती चूक निभावून नेणारी व्यवस्था का नव्हती, हेही त्यांनी विचारले. धारच्या रुळांवर उद्या आपली मुले प्रवास करतील. त्यांच्यासाठी हा दुसरा प्रश्न आपण विचारीत राहिले पाहिजे.