पोवाडा कोणाचा, भट्टी कोणाची?

दोस्तांनो, मेक्सिकोत आपल्या पोवाड्यासारखा एक गाण्याचा प्रकार आहे. कोरिडो. १९१० च्या क्रांतीत हे कोरिडो झापाटाचे होते. जमीन मागणाऱ्यांचे. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी आली, तेव्हा सरहद्दीवरनं चोरून दारू नेणारा गाण्यात शिरला. १९७४ ला ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या मंडळींनी मोटारीच्या टायरात गांजा भरून नेणाऱ्या कामेलियाचं गाणं गाजवलं. पुढं चालिनो सांचेझ पैसे घेऊन ज्याचं त्याचं गाणं बांधून द्यायला लागला. १९९२ ला कुलियाकानमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

म्हंजे बघा. आधी शेतकरी, मग चोरटा, मग जो पैसे मोजील तो. गाणं तेच, धनी बदलला. आपल्याकडंही होनाजी बाळा पेशव्याच्या आश्रयानं गायला.

आता कोणी म्हणंल, लोक बंडखोराचं गाणं गातात त्यात वाईट काय? काहीच नाही. उमाजी नाईकाला १८३२ ला फाशी दिलं, तरी तो लोकांच्या तोंडी राहिला. १८७१ च्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. म्हणून अण्णाभाऊंना १९५९ ला ‘फकिरा’ लिहावा लागला. कायदाच चोर असला तर चोर नायक होणारच.

दारूचंही तेच. मी शिंदखेड्याचा. उत्तरेला सातपुडा. तिथल्या भिलाची मोहाची दारू ही त्याच्या देवाची अन् लग्नाची. १८७८ च्या आबकारी कायद्यानं ती सरकारच्या महसुलाची झाली. घरची भट्टी गुन्हा, ठेकेदाराचं दुकान कायदेशीर! १९४९ ला दारूबंदीचा कायदा आला. पैसेवाल्याला परमिट, गरिबाला लॉकअप. तो कायदा आजही पुस्तकात आहे, अन् सरकार दारूवर करही गोळा करतंय.

मग भट्टीवाल्याचा पोवाडा गायचा का? इथं थांबा. १८६९ ला शिवाजीराजांचा पोवाडा लिहिणाऱ्या जोतिबांनीच १८८० ला पुण्यातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, ते माणसाला ताठ उभं करायला. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. पगाराच्या सकाळी गेटाबाहेर पडलेली पावलं कुठं वळतात ते मला दिसतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. सगळी हातावर पोट असणारी. त्यांचा पोवाडा कोणी बांधला?

म्हणून कवी-दोस्तांनो, सरकारच्या तोंडानं गाऊ नका अन् दारूच्या धन्याच्याही नको. नवऱ्यामागं पोरं जगवायला भट्टी लावणारी बाई गा. तिच्याकडनं हप्ता नेणारा हात गा. मेलेल्यांचा हिशोब गा. पण डफावर थाप मारायच्या आधी एक विचारून घ्या : सुपारी कोणाची?